डावखुरी जीप

दिवाळी अंकात वर्णन करावे असे गडहिंग्लज हे काही प्रेक्षणीय गाव नव्हे. येथे समुद्र नाही, लेणी नाहीत, थंड हवेचा लौकिक नाही. आहे तो गुळाचा आणि मिरचीचा बाजार. त्या बाजारातून नुसते चालत गेले तरी पाहुण्याला दहा शिंका येतात आणि गावकऱ्याला एकही येत नाही. शेजारून हिरण्यकेशी वाहते, गावाबाहेर काळभैरीचा डोंगर उभा आहे, आणि कोल्हापूरचे फुटबॉलचे वेड येथवर पोचून चांगले मुरले आहे. जवळच सामानगड आहे. तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर आपल्या सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. एवढे सारे असूनही बहुतेक प्रवासी आमचे गाव पाहतात ते मोटारीच्या खिडकीतूनच. संकेश्वराहून निघायचे, गडहिंग्लजला चहा घ्यायचा, आजरा ओलांडायचा आणि आंबोलीचा घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात जायचे, असा त्यांचा क्रम असतो.

मी येथल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. तरीही त्यावरचा जो प्रवास मला सांगायचा आहे तो एकच, आणि तो माझ्या मामांच्या डावखुऱ्या जीपमधला आहे.

डावखुरी म्हणजे जिचे चक्र डाव्या बाजूला असते ती. आमच्याकडे तिला ‘लेफ्ट हँड’ म्हणतात. आजच्या मुलांना हे नवल वाटते. परंतु आमच्या लहानपणी अशा जिपा सगळीकडे धावत. जीप मुळात अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जिपा तयार केल्या. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजवीकडून जातात, म्हणून त्यांचे चक्र डावीकडे. युद्ध संपले, लष्कराने मोडीत काढलेल्या जिपा बाजारात आल्या, आणि त्यांतल्या कित्येक आपल्या डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यांवर आल्या. पुढे महिंद्र कंपनीने विलीजच्याच आराखड्यावर जिपा बांधायला घेतल्या, त्यांतल्याही पुष्कळशा वर्षानुवर्षे डावखुऱ्याच होत्या. सरकारी साहेबांच्या जिपा तशा, निवडणुकीच्या प्रचाराच्या तशा, आणि आमच्या भागात जिला वडाप म्हणतात ती माणसे कोंबून नेणारी जीपही पुष्कळदा तशीच.

मामांची जीप मात्र अस्सल युद्धातली, अमेरिकेत घडलेली. दोन मालकांच्या हातून फिरून ती १९७९ साली बेळगावाकडून त्यांच्याकडे आली. मामांचे गुळाचे अडत दुकान होते. गुऱ्हाळाच्या वाटा चिखलाच्या, तिथे दुसरी मोटार टिकायची नाही, हे जीप घेण्याचे अधिकृत कारण. खरे कारण असे, की मामांना ती आवडली. त्यांनी गुळातले चार पैसे मिळवले आणि त्यांतले दोन या जिपेत घातले, असे आजोबा म्हणत.

ती चालवणे हा एक संस्कार होता. पायाने बटण दाबून इंजिन सुरू करायचे. वीज सहा व्होल्टची, त्यामुळे रात्री दिव्यांचा उजेड देवघरातल्या समईएवढा. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली. पंपावर गेले की मामांना उठून उभे राहावे लागे, गादी उचलावी लागे, आणि पंपावरचा पोऱ्या दर खेपेला हसत असे. पुढे कोगनोळीच्या बाजूला महामार्गावर पथकर आला, तेव्हा त्याची खिडकी उजवीकडे आणि मामा डावीकडे. पैसे द्यायचे काम उजवीकडे बसणाऱ्याचे. फास्टॅगने आता ती अडचण दूर केली आहे. पण मामांच्या जिपेत ती अडचण कधी अडचण वाटलीच नाही. कारण उजवीकडे मामी बसत.

येथे वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर डावखुरी गाडी हाकताना खरा प्रश्न येतो तो पुढचे वाहन ओलांडताना. नेहमीच्या मोटारीत चालक रस्त्याच्या मध्याकडे बसलेला असतो. तो जरासा उजवीकडे सरकला की पुढच्या मालमोटारीच्या कडेने त्याला समोरचा रस्ता दिसतो. डावखुऱ्या गाडीचा चालक बसलेला असतो गटाराच्या बाजूला. त्याला दिसते ती फक्त पुढच्या गाडीची पाठ. समोरचे पाहायचे तर जवळजवळ सगळी गाडी उजवीकडे बाहेर काढावी लागते, आणि तेव्हा समोरून एस.टी. आली तर पाहणे आणि पस्तावणे एकदमच व्हायचे. म्हणून उजवीकडच्या माणसाने पाहायचे आणि सांगायचे.

मामा विचारीत, “हाय का कोण?”

मामी मान बाहेर काढून पाहत आणि म्हणत, “थांबा.” मग जरा वेळाने, “चला.”

या दोन शब्दांवर त्यांनी चाळीस वर्षे प्रवास केला. आम्ही मुले मागे आडव्या बाकांवर बसत असू आणि आम्हांला वाटे, की सगळ्याच नवराबायका असेच प्रवास करतात.

मामींचे आणखी एक काम होते. त्या जुन्या जिपेला वळण दाखवणारे दिवे नव्हते. डावीकडे बसलेल्या मामांनी हात बाहेर काढला तर तो ऊस आणि बांध यांनाच दिसणार. त्यामुळे उजवीकडे वळायचे असले की मामी आपला हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर काढीत. सारे गाव त्या हाताला ओळखत असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमात असे आहे, की डाव्या बाजूला चक्र असलेल्या गाडीला चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेचे इशारादर्शक असल्याशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये. हा कायदा अमलात आला तेव्हा मामांनी मुकाट्याने दिवे बसवून घेतले. दिवे लुकलुकू लागले, आणि मामींचा हातही बाहेर येतच राहिला. “दिव्याचा काय भरवसा?” असे त्यांचे म्हणणे.

एका मिस्त्रीने एकदा सुचवले होते, की चक्र उजवीकडे घेऊन टाकू. मामांनी त्याला पुरते बोलूही दिले नाही. म्हणाले, “उजवीकडं मी बसलो, तर हिनं कुठं बसायचं?”

डावखुऱ्या गाडीचे काही फायदेही आहेत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला आणि बाजू द्यायची वेळ आली, की डावे चाक नेमके कुठवर न्यावे हे मामांना बोटभर अंतराने कळे. घाटात दरीकडची कड डाव्या हाताला असली तरी तेच. शिवाय थांबल्यावर चालक सुरक्षित बाजूला उतरतो. उजवीकडून रहदारीत उतरावे लागे मामींना; त्या आधी मागे पाहत, पदर सावरीत आणि मगच पाय खाली टाकीत.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यानंतर मामा जीप काढीत, पण पुढचे वाहन ओलांडीत नसत. बैलगाडी पुढे असली तर बैलगाडीमागून जात. मागून भोंगे वाजत, पोरे शिव्या देत. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना घाई कसली? आम्हां घरच्यांना मात्र काळजी वाटू लागली. अखेर असे ठरले, की माझा मामेभाऊ सुट्टीवर आला म्हणजे आम्ही दोघांनी मिळून मामांची समजूत घालायची आणि जीप विकायला लावायची. मुंबईचा एक हौशी गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयारही होता.

मामेभाऊ राहतो सिडनीत, पॅरामॅटाच्या बाजूला. तिकडे मराठी कुटुंबे बरीच आहेत; गणपती होतो, दिवाळीचा फराळ होतो. या काऱ्यांना लागणारा चिवडा आणि मोटारींचे वेड या दोन गोष्टी त्याने गडहिंग्लजहून नेल्या. गेल्या डिसेंबरात तो आला आणि पहिल्याच रात्री जेवताना त्याने मला हळूच सांगितले, की त्याच्याकडेही एक डावखुरी आहे. १९६६ सालची मस्टँग, अमेरिकेतून आणवलेली, तांबड्या रंगाची.

जीप विकायला लावण्यासाठी ज्याची मदत घ्यायची तोच असा निघाला!

त्याची कथा ऐकण्यासारखी होती. ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच वाहने डावीकडून जातात, आणि तिथला कायदा डावखुऱ्या गाडीच्या बाबतीत कडक आहे. न्यू साउथ वेल्समध्ये गाडी तीस वर्षांहून जुनी असेल तरच ती आहे तशी नोंदवता येते, एरवी चक्र उजवीकडे घ्यावे लागते. पाठीमागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी ठळक पाटी लावावी लागते. गाडी जहाजावर चढण्यापूर्वीच आयातीची परवानगी हवी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत आणि इंजिनाच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असते, आणि त्या देशात त्यावर २००३ च्या अखेरीपासून संपूर्ण बंदी आहे. तेव्हा ते सगळे काढून, तपासून घेतल्याशिवाय बंदरातून गाडी सुटत नाही. पुढचे दिवेही बदलावे लागतात, कारण उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा खाली झुकवला तरी उजवीकडे झोत टाकतो, आणि डावीकडून चालणाऱ्या देशात समोरच्याचे डोळे नेमके तिकडेच असतात.

“मग चक्रच बदलून का नाही घेतलंस?” मी विचारले.

“चक्र बदलायचं म्हणजे नुसतं चक्र उचलून पलीकडं लावायचं नसतं,” तो म्हणाला. “सुकाणूची पेटी, पायातले दांडे, समोरची फळी, इंजिनामागचा पत्रा, वायपर, सगळं उलटं करायला लागतं. निम्मी गाडी नवी होते. खर्च तर आहेच, पण मग ती साठ वर्षांपूर्वीची गाडी राहते का?”

गंमत अशी, की त्याच्या घरापासून फारशा दूर नसलेल्या होमबुश येथील कारखान्यात फोर्डनेच १९६५ आणि १९६६ साली दोनशेच्या आसपास मस्टँग गाड्या उजव्या हाताच्या करून विकल्या होत्या. कारखान्यातूनच उजव्या चक्राची मस्टँग निघायला मात्र २०१५ साल उजाडावे लागले. आणि शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला तर तिच्या आठव्या पिढीपर्यंत, म्हणजे जन्मापासून पासष्टहून अधिक वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात या गाड्यांच्या वेड्यांपुढे दोनच वाटा होत्या, चक्र बदला नाहीतर डावीकडे बसून गटार पाहा.

“आणि पुढची गाडी ओलांडताना?” मी मुद्द्याचे विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी मागं राहतो. पुढच्या ट्रकापासून जेवढं मागं राहावं तेवढं समोरचं जास्त दिसतं. बायको बसत नाही त्या गाडीत. समोरून येणारी प्रत्येक मोटार अंगावर येते म्हणते. हातात चक्र नाही, पायाखाली ब्रेक नाही, आणि बसायचं रस्त्याच्या मधोमध. आईला भीती कशी वाटली नाही रे कधी?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

दोन दिवसांनी आम्ही तिघे आंबोलीला निघालो. बेत माझा. नदीच्या उगमापाशी, शांत जागी, मामांशी बोलता येईल असा माझा हिशेब होता. मामा डावीकडे चक्रावर, मी उजवीकडे मामींच्या जागी, मामेभाऊ मागे. ती बैठक मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली. पहिल्या दहा मिनिटांत मला समजले, की मामेभावाची बायको म्हणते ते खोटे नाही. प्रत्येक बस माझ्या गुडघ्यावर येत होती.

हिरण्यकेशीची एक गंमत आहे. आंबोलीच्या गुहेत उगम पावल्यावर समुद्र तिला हाकेच्या अंतरावर असतो. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते, आजरा आणि गडहिंग्लज अशी पूर्वेला उतरते आणि कर्नाटकात घटप्रभेला मिळते. आम्ही तिच्या उलट दिशेने निघालो होतो. रस्ता आता रुंद झाला आहे. त्यासाठी कडेची जुनी झाडे गेली, आणि त्यांच्या सावल्याही. आजऱ्याकडे शेतांत घनसाळ भाताची कापणी उरकली होती, खाचरांत नुसते धसकट उरले होते. उसाच्या मात्र ऐन हंगामाचे दिवस. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या रस्त्याला लागलेल्या.

आजऱ्याच्या पुढे अशाच एका ट्रॅक्टरने आम्हांला गाठले. म्हणजे आम्ही त्याला गाठले. दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस. मामा नेहमीप्रमाणे त्याच्या मागे राहिले. एक मैल गेला, दुसरा गेला. माझ्या तोंडावर उसाचे पाचट उडत होते. मागून दोन मोटारी भोंगे वाजवीत निघून गेल्या. मी मान बाहेर काढली. रस्ता मोकळा दिसला. वाटले, आपणही उपयोगी पडावे.

“मामा, जाऊ द्या,” मी म्हणालो.

जीप हलली नाही. मामांनी चक्र जरासुद्धा वळवले नाही. मी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहतो तोच ट्रॅक्टरच्या पलीकडून एक मोटारसायकल आली आणि माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून सणसणत गेली. वर तिघे बसलेले. पुढे किंचित उतार होता, त्यातून ती वर आली असावी. मला ती दिसलीच नव्हती.

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने माझा घसा मोकळा झाला तेव्हा मी विचारले, “मामा, तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठं काय दिसतंय हितनं?” मामा म्हणाले. “पर तू ‘जाऊ द्या’ म्हणालास. तुला खात्री नव्हती. खात्री असती तर ‘चला’ म्हणाला असतास. जाऊ द्या म्हणणारा सोता मागं राहतोय, भाचा.”

मी वीस वर्षे भाषा शिकवतो आहे. क्रियापदाच्या प्रथमपुरुषी आणि द्वितीयपुरुषी रूपांतला फरक मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. तो मला त्या दिवशी आजऱ्याच्या रस्त्यावर समजला. मामींनी कधी ‘जा’ म्हटले नव्हते. त्या ‘चला’ म्हणत, आणि त्या चालण्यात पहिली जोखीम त्यांचीच असे. समोरून काही आले असते तर ते त्यांच्याच बाजूवर येणार होते.

आंबोलीला आम्ही उगमापाशी गेलो. गुहेतून पाणी येते, पुढे कुंड आहे, महादेवाचे स्थान आहे. मामांनी पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावले आणि दगडावर बसले. मी केलेले सगळे पाठांतर माझ्या मनात होते. अपघातांची उदाहरणे, मुंबईच्या गिऱ्हाइकाची किंमत, वयाचा विचार. मला ते काढायची हिंमत होईना. मामेभाऊ दुसऱ्याच गोष्टी सांगत बसला.

त्याने स्वीडनचे सांगितले. तिथे लोक डावीकडून जात आणि मोटारी मात्र बहुतेक डाव्याच चक्राच्या. शेवटी १९६७ च्या ३ सप्टेंबरला पहाटे सगळ्या देशाने रस्त्याची बाजू बदलली. सामोआ बेटांनी २००९ साली उलटे केले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडातल्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात म्हणून उजवीकडून चालणारा देश डावीकडे आणला. आणि या घाटाखालचा गोवा? १९२८ साली पोर्तुगालने आपली रहदारी उजवीकडे नेली तेव्हा गोव्याला मात्र डावीकडेच राहू दिले. शेजारी आपण होतो ना. सीमेवर रोज टक्कर झाली असती.

मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे गाडी बदलत न्हाईत, रस्ता बदलत्यात. आमाला दोन्ही बदलाय लागलं न्हाई. एक माणूस शेजारी होतं, बास.”

पाण्याकडे पाहत त्यांनी पुढे जे सांगितले ते आम्ही विचारलेच नव्हते. “तुमी कशाला आणलंय मला हितं, ते ठावं हाय. गेली तीन वर्सं मी गाडी चालवत न्हाई, नुसती कुणाच्यातरी मागनं नेतोय. ते काय चालवणं न्हवं. आज भाच्याला त्या जागी बसवला आणि त्याचं कायतरी झालं असतं, तर ताईला मी काय सांगणार हुतो?”

ताई म्हणजे माझी आई.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. “जाताना तू घे. तुला डावीकडची सवय हाय म्हणतोस.”

परतताना मामेभाऊ चक्रावर बसला. मी मागच्या आडव्या बाकावर, जिथे लहानपणी बसत असे तिथे. आणि उजवीकडे, मामींच्या जागेवर, मामा बसले. बसताना त्यांनी आधी मागे पाहिले, रस्त्याची चाहूल घेतली आणि मगच पाय वर घेतला. अगदी मामी करीत तसे.

गवसे मागे पडले आणि पुन्हा एक उसाचा ट्रॅक्टर पुढे आला. मामेभाऊ सवयीने अंतर ठेवून मागे राहिला. काही वेळ गेला. त्याने विचारले नाही. मामांनी आपण होऊन मान बाहेर काढली. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते.

“थांब,” ते म्हणाले.

एक मालमोटार आली, गेली. तिच्या मागे एक एस.टी. आली, गेली. मामा अजून पाहत होते. उताराच्या पलीकडचेही जणू त्यांना दिसायला हवे होते.

“चल,” ते म्हणाले.

जीप उजवीकडे निघाली, उसाच्या भिंतीशेजारून खडखडत पुढे गेली आणि पुन्हा आपल्या बाजूला आली. तीन वर्षांत तिने ओलांडलेले ते पहिले वाहन. मामेभावाने काही न बोलता एका हाताने डोळे पुसले.

जीप विकली गेली नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले आहेत. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, मात्र मग ती रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. मामांना हा नियम फार पसंत पडला. रोजच्या वापराची त्यांनाही गरज उरलेली नाही. कागद करायचे काम माझ्याकडे आले आहे आणि ते मी, मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशा गतीने, करतो आहे.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही जीप धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. ती अंगणातच उभी होती. मामा येऊन उजवीकडे बसले. मी डावीकडे बसलो. इंजिन बंदच होते. समोर वाड्याची भिंत, पलीकडे हिरण्यकेशीकडे जाणारा रस्ता.

“हाय का कोण?” मी सहज विचारले.

मामांनी मान बाहेर काढून नीट पाहिले.